ग्रामपंचायतीच्या निधीतून शेती, जनावरं आणि तळ्यासाठी नेमकं काय बसतं? (2025-26 चा आराखडा)

शिवारफेरी

नमस्कार मंडळी. 2025-26 चा ग्रामपंचायत विकास आराखडा करायला घेतलाय. पंधराव्या वित्त आयोगाचं हे शेवटचं वर्ष, त्यामुळे या खेपेला तरी यादी नीट व्हावी अशी इच्छा आहे.

गावाची माहिती: लोकसंख्या 2,400. कोरडवाहू सोयाबीन-तूर, थोडा कापूस. मोठी जनावरं सहाशेच्या आसपास. दोन हेक्टरचं गावतळं आहे, पण गाळाने भरलेलं. ओढ्यावर जुना कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे, त्याला बर्गेच (पाणी अडवायच्या लोखंडी फळ्या) नाहीत. 14 हेक्टर गायरान. आयोगाचे वर्षाला साधारण 13 लाख येतात. घरपट्टी-पाणीपट्टीची मागणी 5.60 लाख, वसुली 3.10 लाख.

दरवर्षी यादी ठरलेली: सिमेंट रस्ता, गटार, पेव्हर ब्लॉक, एलईडी दिवे. ग्रामसभेत शेतीचा विषय निघाला की "ते कृषी खात्याचं काम, आपल्याकडे तसं हेड (खर्चाचं शीर्षक) नाही, ऑडिटला अडकेल" एवढं ऐकायला मिळतं. हे खरं आहे का? आणि खरं नसेल तर कुठला पैसा कशाला लावायचा? तळ्यात मासे सोडायचा ठेका ग्रामपंचायतीला देता येतो का, हेही सांगा.

---

नमुना_पाच

"हेड नाही" हे चूक आहे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे 29 विषय आहेत आणि त्यातला पहिलाच कृषी व कृषी विस्तार आहे. पाठोपाठ जमीन सुधारणा व मृदसंधारण, लघुपाटबंधारे व पाणलोट, पशुसंवर्धन-दुग्धव्यवसाय-कुक्कुटपालन, मत्स्यव्यवसाय, सामाजिक वनीकरण, गौण वनोपज असे विषय येतात. आयोगाचा अबंधित (ठरावीक कामांशी न बांधलेला) निधी या 29 विषयांतल्या स्थानिक गरजांसाठी वापरता येतो. पगार आणि आस्थापना खर्च तेवढा त्यातून करता येत नाही. सत्कार, उद्घाटनं, सांस्कृतिक कार्यक्रम, वाहन असले खर्चही त्यात घुसवू नका.

आता तुमचे 13 लाख फोडून बघू. 60 टक्के बंधित म्हणजे 7.80 लाख. त्याचे दोन सारखे भाग: 3.90 लाख स्वच्छता व हागणदारीमुक्ती टिकवण्यासाठी, 3.90 लाख पिण्याचं पाणी, पाऊसपाणी संकलन आणि पाण्याच्या पुनर्वापरासाठी. उरलेले 40 टक्के, 5.20 लाख, अबंधित. शेतीला थेट लावता येईल असा पैसा म्हणजे हे 5.20 लाख. पाण्याच्या 3.90 लाखातला एक तुकडा आडवाटेने शेतीलाही उपयोगी पडतो, पण त्याचं कारण पिण्याच्या पाण्याचंच असलं पाहिजे.

स्वनिधीवर फार आशा ठेवू नका. 3.10 लाखातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी (46,500), 10 टक्के महिला-बालकल्याण (31,000), 5 टक्के दिव्यांग (15,500) असे 93,000 आधी बाजूला निघतात. उरलेल्या 2.17 लाखात शिपाई, पाणीपुरवठा कर्मचारी, टीसीएल (पाणी शुद्धीकरणाची) पावडर, मोटार दुरुस्ती. त्यातल्या त्यात 10 टक्क्यांतून महिलांना शेळीपालन किंवा परसातल्या कोंबड्यांचं प्रशिक्षण ठेवता येतं, बहुतेक गावं तिथेही शिलाई मशीनच्या पुढे जात नाहीत.

वसुलीबद्दल दोन शब्द. शेतसारा लागू असलेल्या शेतजमिनीवर ग्रामपंचायत कर लावू शकत नाही, कलम 124 मध्ये ते स्पष्ट आहे. इमारतीवर मात्र लावता येतो, मग ती शेतसारा लागू असलेल्या जमिनीवर का असेना. म्हणजे शेतातलं घर, पक्कं गोदाम, पोल्ट्री शेड ही नमुना 8 (कर आकारणीची नोंदवही) मध्ये यायला हवीत. पोल्ट्रीवाल्यांशी यावरून वाद होतात. भांडवली मूल्याने आकारणी केली आणि बांधकामाचा प्रकार (पत्रा की आरसीसी) व घसारा बरोबर धरला तर रक्कम अवाच्या सवा येत नाही. आकारणी दर चार वर्षांनी सुधारायची असते. आठ-दहा वर्षांपूर्वीचा नमुना 8 तसाच पुढे ओढत असाल तर मागणीचा 5.60 लाख हा आकडाच मुळात कमी आहे.

लेखापरीक्षणात शेतीचं काम अडकतं ते शेतीचं म्हणून नव्हे. अडकण्याची कारणं वेगळी आणि ठरलेली असतात. काम आराखड्यात नव्हतं. लाभ एकाच शेतकऱ्याच्या खासगी जमिनीवर गेला. जागा किंवा बंधारा दुसऱ्या खात्याचा आणि ना-हरकत घेतली नाही. तांत्रिक मान्यता कामानंतरच्या तारखेची. काम पूर्ण झालं पण नमुना 22 च्या स्थावर मालमत्ता नोंदवहीत चढवलं नाही. पेव्हर ब्लॉकलाही हेच मुद्दे लागतात, फरक एवढाच की पेव्हर ब्लॉकचं अंदाजपत्रक शाखा अभियंत्याकडे तयार असतं आणि गायरानाच्या कामाचं नसतं. खरी अडचण ती आहे.

---

माथा_ते_पायथा

वरचा शेवटचा मुद्दा पटला. मी कामांबद्दल बोलतो.

पहिला नंबर त्या बंधाऱ्याच्या बर्ग्यांचा. नवीन सिमेंट नाला बांध घ्यायच्या आधी हा हिशेब मांडा. समजा पाण्याचा फुगवटा 600 मीटर मागे जातो, ओढ्याची रुंदी सरासरी 20 मीटर आणि सरासरी खोली 1 मीटर (भिंतीपाशी 2 मीटर, शेवटाला शून्य). 600 × 20 × 1 म्हणजे 12,000 घनमीटर. हेक्टरी 5 सेंटिमीटरचं एक संरक्षित पाणी म्हणजे 500 घनमीटर. बाष्पीभवन, झिरपा, गळती धरून निम्मं पाणी हाताशी लागलं तरी 12 हेक्टर हरभऱ्याला एक पाणी होतं. झिरपलेलं वाया जात नाही, काठच्या विहिरींना उतरतं. आणि खर्च किती? फक्त लोखंडी बर्गे, रबर सील आणि खाचांची दुरुस्ती. बांधकाम तर उभंच आहे.

बर्ग्यांच्या बाबतीत चुका होतात त्या अशा:

– बर्गे ऑर्डर करताना सगळ्या गाळ्यांची रुंदी एकच धरली जाते. जुन्या बंधाऱ्यात गाळे इंच-दोन इंचांनी कमीजास्त असतात. प्रत्येक गाळा वर, मध्ये आणि खाली असा तीन ठिकाणी मोजा, बर्ग्यावर गाळ्याचा क्रमांक रंगवा.
– खाच गंजलेली किंवा काँक्रीट फुटलेली असली की बर्गा बसतो पण सील दाबला जात नाही. आधी खाच, मग बर्गा.
– रबर सील न घेता माती आणि प्लॅस्टिक कोंबून काम भागवलं जातं. चार दिवसांत गळती.
– उशीर. पाऊस ओसरून ओढा वाहता आहे तोवर, ऑक्टोबरच्या मध्याला बर्गे टाकायचे. दिवाळी झाल्यावर टाकू म्हटलं की ओढा आटलेला असतो आणि बंधारा रिकामा राहतो.
– पावसाळ्याआधी काढले नाहीत तर पहिल्या पुरात झाडं-झुडपं अडकून बाजूचा काठ कापला जातो. मग पाणी बंधाऱ्याला वळसा घालून जातं आणि दुरुस्ती बर्ग्यांपेक्षा महाग पडते.
– काढलेले बर्गे काठावर रचून ठेवले की भंगारात जातात. कुलपाची खोली आणि नोंदवहीत नगांची संख्या, दोन्ही हवं.

मालकी तपासा. 100 हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेची कामं जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे, 101 ते 600 हेक्टरची राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे. तुमचा बहुधा पहिल्या प्रकारात असेल. त्यांची लेखी ना-हरकत घ्या आणि अबंधितमधून बर्गे करा.

दुसरं, बंधितमधले पाण्याचे पैसे. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीचं पुनर्भरण यात बसतं. गाळणीचा खड्डा असा: आधी गाळ बसायला एक छोटा कप्पा, त्यातून पाणी मुख्य खड्ड्यात. तिथे तळाला 40 मिमी खडी, त्यावर 20 मिमी, सगळ्यात वर जाड वाळू, प्रत्येक थर साधारण 30 सेंटिमीटर. तळातून 110 मिमीचा पीव्हीसी पाइप विहिरीत काढायचा आणि तो भिंतीपासून फूटभर पुढे ठेवायचा, नाहीतर पाणी बांधकामावरून उतरून भिंत ढासळते. थर उलटे टाकलेले किती ठिकाणी सापडतील! वाळू खाली आणि दगड वर टाकला की गाळ थेट वाळूत जाऊन बसतो आणि ती बाहेर काढताच येत नाही. वरची वाळू दर उन्हाळ्यात खरवडून धुवायची. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी आत घेऊ नका. गोठ्यावरून, उकिरड्यावरून किंवा फवारणीच्या शेतातून येणारं पाणी पिण्याच्या विहिरीकडे वळवायचंच नाही, मग पुनर्भरण कमी झालं तरी चालेल.

तिसरं तळं. दोन हेक्टरमधून सरासरी अर्धा मीटर गाळ काढला तर 10,000 घनमीटर निघतो, ब्रासमध्ये साडेतीन हजार. हलक्या जमिनीवर 10 सेंटिमीटरचा थर द्यायला एकरी 400 घनमीटर लागतो, म्हणजे 25 एकरांची सोय. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' मध्ये अल्प व अत्यल्प भूधारकाला गाळ वाहून नेण्यासाठी एकरी 15,000 रुपयांपर्यंत, जास्तीत जास्त अडीच एकरांना 37,500 मिळतात. ग्रामपंचायतीने यात डिझेलचे पैसे घालायची गरज नाही. यादी ग्रामसभेत करायची आणि गाळ कुणाला किती गेला याची नोंद ठेवायची. भारी काळ्या जमिनीत गाळ टाकू नका, निचरा आणखी बिघडतो. वाळल्यावर गाळावर पांढरी खार फुटत असेल तर आधी माती परीक्षण.

आणि पोकलेनवाल्याला "खोल कर" म्हणून मोकळं सोडू नका. साठवण तळ्यात गाळाखालचा चिकण थर फोडून मुरूम उघडा पडला की पाणी जानेवारीतच संपतं. पाझर तलावात मुरूम उघडा पडलेला चालतो, साठवण तळ्यात नाही. भरावाच्या पायथ्याला लागूनही खोदायचं नाही.

---

खोडा_आणि_हौद

सहाशे जनावरं असलेल्या गावाच्या आराखड्यात जनावरांसाठी शून्य रुपये, हे चित्र जवळपास सगळीकडे आहे. म्हणून सगळ्यात स्वस्त काम आधी सांगतो: खोडा, म्हणजे जनावर उभं अडकवून धरायचा पाइपांचा सांगाडा. कृत्रिम रेतन, गर्भतपासणी, शिंगं, खुरं, लसीकरण, सगळ्याला लागतो. नसला की जनावर झाडाला बांधून, चौघांनी धरून काम उरकलं जातं आणि डॉक्टर किंवा मालक लाथ खातो.

मोठ्या जनावरासाठी लांबी 6 फूट, रुंदी अडीच फूट, उंची 5 फूट. दोन इंची जीआय पाइप, जाड गेजचा, कडा वाकवून किंवा टोपी लावून बंद केलेल्या. खांब जमिनीत किमान दोन-अडीच फूट काँक्रीटमध्ये. फूटभर गाडलेले खांब म्हशीच्या दोन धक्क्यांत हलायला लागतात. मागचा आडवा पाइप काढता-घालता यावा. तळाला काँक्रीट, पण वर झाडू ओढून खडबडीत केलेलं. गुळगुळीत कोब्यावर जनावर घसरतं आणि एकदा घसरलं की परत आत पाय ठेवत नाही. जागा दवाखान्याच्या किंवा दूध डेअरीच्या जवळ, सावलीत. ग्रामपंचायत कार्यालयासमोर फोटोसाठी बांधू नका.

हौद: मोठं जनावर दिवसाला 50 ते 60 लिटर पाणी पितं, उन्हाळ्यात जास्तच. हौद सगळ्या जनावरांच्या दिवसभराच्या पाण्याएवढा मोठा नको, लांब आणि उथळ हवा आणि भरत राहायला हवा. 20 फूट लांब, 2 फूट रुंद, दीड फूट खोल असा हौद सुमारे 1,700 लिटरचा होतो आणि दोन्ही बाजूंनी जनावरं उभी राहतात. तळाला उतार आणि बुच असलेला निचरा पाइप ठेवा. निचरा नसलेला हौद कुणी धुत नाही, महिन्याभरात शेवाळ आणि त्यात डास. आतून नियमित चुना. भोवती चार-पाच फुटांचा दगडी किंवा काँक्रीटचा ओटा केला नाही तर चिखल होऊन खुरं सडतात.

गायरान 14 हेक्टर म्हणजे मोठी गोष्ट आहे. आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून हद्दीचे दगड रोवा. अतिक्रमण असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा सामाईक जमिनींबाबतचा निकाल ग्रामपंचायतीच्या बाजूने आहे. चर आणि गवत लागवड रोजगार हमीतून करता येते. पण अख्खं गायरान एकदम बंद करू नका. तीन भाग करा, एक भाग दोन पावसाळे चराईबंद, तिथून गवत कापूनच न्यायचं, बाकी दोन चरायला मोकळे. सगळं एकदम बंद केलं की शेळ्या-मेंढ्या असलेली घरं, म्हणजे गावातली सगळ्यात गरीब घरं, कोंडीत सापडतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात कुंपण तुटतं. कोरडवाहूत अंजन, मारवेल आणि सोबतीला स्टायलो. नेपियर तिथे लावू नका, त्याला पाणी लागतं.

मासे. गावतळं ग्रामपंचायतीच्या मालकीचं असेल तरच ठेका तुम्ही द्यायचा. पाझर तलाव किंवा पाटबंधाऱ्याचा तलाव असेल तर तो जिल्हा परिषद किंवा मत्स्यव्यवसाय विभागाच्या पद्धतीने जातो आणि तिथे मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य असतं. सातबारा आणि नमुना 22 दोन्ही बघा. तुमचंच असेल तर ग्रामसभेचा ठराव, जाहीर सूचना, लिलाव, अनामत, लेखी करार. लांब मुदतीच्या कराराला मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. गावातल्या बचत गटाला द्यायचं असेल तर त्याची अट सूचनेतच लिहा, लिलाव झाल्यावर नको.

करारात या गोष्टी लिहून घ्या: शेण-खत टाकायचं की नाही (त्या पाण्यावर जनावरं पीत असतील तर टाकू देऊ नका), जनावरांना पाण्याचा रस्ता मोकळा राहील, पाण्याची पातळी किती खाली गेल्यावर उपसा बंद, आणि पाऊस न झाल्यास रक्कम कशी कमी करायची. शेवटची अट नसली की पहिल्या दुष्काळात ठेकेदार पळतो आणि थकबाकी मागणीच्या वहीत वर्षानुवर्षं लोळते.

दोन हेक्टरला कटला, रोहू, मृगळ मिळून दहा हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) पुरे, प्रमाण 4:3:3. जिरे किंवा बारीक बीज स्वस्त पडतं म्हणून टाकू नका. तळ्यात मरळ, शिंगाळा असतातच, त्यांची मेजवानी होते. बीज चार इंचांच्या आसपास हवं. पिशवी तळ्याच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान सारखं झालं की मगच सोडायचं. सात-आठ महिने पाणी टिकत नसेल तर हा उद्योग करू नका, आधी गाळ.

---

पाणंद

सगळं मान्य. पण रस्त्याला एवढी नावं ठेवू नका. सोयाबीन काढणीच्या वेळी पाऊस झाला आणि पाणंद चिखलात गेली की हार्वेस्टर शेतात पोचत नाही, ऊस असेल तर ट्रॉली अडकते. गावातला सिमेंट रस्ता आणि शेताचा पाणंद रस्ता एका पारड्यात नको. माझ्या मते शेतीवरचा सगळ्यात उत्पादक खर्च पाणंदच आहे, बर्ग्यांच्याही आधी.

अडचण कुशल-अकुशलच्या प्रमाणाची. मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून पाणंद रोजगार हमीत घेता येते, पण 60:40 (मजुरी 60 टक्के, साहित्य 40 टक्के) पाळायचं तर मुरूम-खडीचा भार दुसऱ्या कामांनी उचलावा लागतो. उदाहरण घ्या. पाणंद 10 लाखांची, त्यात मजुरी 3 लाख आणि साहित्य-यंत्र 7 लाख. एकत्रित हिशेब 60:40 वर आणायला जवळपास पूर्ण अकुशल अशी साडेसात लाखांची कामं सोबत हवीत: 10.50 लाख मजुरी, 7 लाख साहित्य, एकूण 17.50. 2025-26 च्या 312 रुपये मजुरीने साडेसात लाख म्हणजे सुमारे 2,400 मनुष्यदिवस. वर सांगितलेलं गायरानातलं चर खोदाईचं काम इथे जोडा. ही दोन कामं एकाच वर्षाच्या आराखड्यात शेजारी लिहिली की जमतं. पाणंद यंदा आणि चर पुढच्या वर्षी केलं की प्रस्ताव तालुक्यात पडून राहतो.

मजूर खरोखर मिळणार आहेत का हे आधी विचारा. सोयाबीनच्या हंगामात कुणी येणार नाही. चर खोदाईचं मस्टर (हजेरीपत्रक) जानेवारी ते मे मध्येच. हजेरी एनएमएमएस या रोजगार हमीच्या मोबाइल अॅपवर दिवसातून दोनदा फोटोसह लागते, डोंगरकडेला रेंज नसेल तर मेटची (हजेरी घेणाऱ्या मुकादमाची) तयारी आधी करून घ्या, फोटो चुकला की मजुराची हजेरी गेली.

अतिक्रमणाबद्दल: शेतकऱ्यांनी रस्ता अडवला असेल तर तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली दावा. नवीन रस्ता हवा असेल तर महसूल संहितेचं कलम 143. निकाल लागायच्या आधी मुरूम टाकू नका. अर्धवट पाणंद म्हणजे पुढच्या निवडणुकीचा मुद्दा, रस्ता नव्हे.

---

शिवारफेरी

मंडळी, एवढं सविस्तर अपेक्षित नव्हतं, मनापासून आभार. तीन शंका. एक, 5.20 लाखात खोडा, हौद, बर्गे सगळं बसवायचं तर वीजबिलाचं काय? पथदिव्यांचं बिल आम्ही त्यातूनच भरतो. दोन, मागच्या वर्षी निधी खात्यावर असूनही पेमेंट होत नव्हतं, मार्च उलटून गेला. तीन, गावात शेतकरी उत्पादक कंपनी आहे, त्यांना गोदामासाठी ग्रामपंचायतीने पैसे द्यावेत अशी मागणी आहे.

---

नमुना_पाच

वीजबिल आधी वजा करून बाकी रकमेचा आराखडा करा, हे उघड आहे पण होत नाही. आराखड्यात 5.20 ची कामं आणि बिलात दीड लाख गेले की वर्षाअखेरीस दोन कामं अर्धी राहतात. पाणीपुरवठ्याचं बिल पाण्याच्या बंधित भागात आणि पथदिव्यांचं अबंधितमध्ये, ही विभागणी काटेकोर ठेवा. आणि मीटर मोजा. बंद पडलेल्या बोअरचं कनेक्शन सुरू आणि त्याचा स्थिर आकार वर्षानुवर्षं भरला जातोय, असं पुष्कळ गावांत असतं. कनेक्शन कायमचं तोडायचा अर्ज केला की तेवढे पैसे सुटतात.

पेमेंट अडकण्याची कारणं ई-ग्रामस्वराजवर (ग्रामपंचायतींच्या हिशेबाचं पोर्टल) क्रमाने तपासा. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपले ग्रामसेवकच, 2024 पासून पदनाम बदललंय) दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीची मुदत संपली आहे का. नवीन सरपंच आल्यावर जुनी स्वाक्षरी काढून नवीन जोडली का. पुरवठादाराचं बँक खातं पीएफएमएसवर (केंद्राची निधी वितरणाची प्रणाली) पडताळून आलंय का, नावात एक अक्षर जरी वेगळं असलं तरी परत येतं. कामाला पोर्टलवर तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता भरली का, नसेल तर व्हाउचरमध्ये ते काम दिसतच नाही. आधीचा महिना बंद केलाय का. हे पाचही बघितलंत तर बहुतेक गाठी सुटतात. आणि व्हाउचर मार्चच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, तेव्हा सगळ्या राज्याची गर्दी असते.

आराखड्यात नसलेलं काम निघालं तर पुरवणी आराखडा करता येतो, ग्रामसभेच्या ठरावासह. बर्गे यंदाच्या यादीत नसतील तर तोच मार्ग. बर्ग्यांसारखी तयार वस्तू असेल तर जेमवरूनही (सरकारी ऑनलाइन खरेदीचं पोर्टल) घेता येते, एप्रिल 2023 पासून ते ई-ग्रामस्वराजला जोडलेलं आहे. पण गाळ्यांची मापं वेगवेगळी असल्याने मापासह स्वतंत्र मागणी लागेल, ठरावीक मापाचं मागवून फसू नका.

बिलातून कपाती विसरल्या की पुढे ग्रामपंचायतीच्याच अंगावर येतात. एका बिलाची रक्कम 30,000 च्या वर गेली की ठेकेदाराचा आयकर, व्यक्ती असेल तर 1 टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर 2. एका कराराची करपात्र किंमत अडीच लाखांपेक्षा जास्त असेल तर जीएसटीचा टीडीएस 2 टक्के. बांधकामावर कामगार उपकर 1 टक्का. मुरूम-खडीची रॉयल्टी, पावत्या जोडल्या नसतील तर.

उत्पादक कंपनीला रोख पैसे देऊ नका. ती सभासदांची खासगी कंपनी आहे, आयोगाचा निधी तिच्या मालमत्तेत घातला की आक्षेप पक्का. ग्रामपंचायतीच्या जागेवर ग्रामपंचायतीच्या मालकीची शेड किंवा सामूहिक खळं बांधा, नमुना 22 ला चढवा आणि ठराव व जाहीर सूचना काढून भाड्याने द्या. भाडं ग्रामनिधीत जमा. अबंधितमधून एका वर्षात गोदाम होणार नाही. आधी 30 × 40 फुटांचं काँक्रीटचं खळं करा, चारही बाजूंना हलका उतार आणि जमिनीपासून फूटभर वर. सोयाबीन वाळवायला लगेच कामी येतं. छताचा प्रस्ताव जिल्हा नियोजनातून किंवा पंचवीस-पंधरातून (राज्याच्या ग्रामविकासाचं 2515 हे लेखाशीर्ष) मागता येतो. जिल्हा परिषदेचा आयोगातला 10 टक्के हिस्सा मात्र त्यात धरू नका, जिथे निवडून आलेली सभा नसते तिथे तो अडकतो.

शेडला वीज घ्याल तेव्हा मीटर भाडेकरूच्या बिलावर, कनेक्शन ग्रामपंचायतीच्या नावावर, आणि तीन महिन्यांच्या बिलाएवढी अनामत करारातच घ्या.